पानामागची पंगत

माय,

तुझं गिलकं वाळलं. वाळलं म्हणजे करपून गेलं असं समजून घाबरू नकोस. वेलावरच पिकून, तपकिरी होऊन, बी धरून वाळलं. काल सकाळी पूजा आटोपून परसात गेले, देठाशी कापलं आणि कानाशी धरून हलवलं, तर आत बी खुळखुळलं. तो आवाज ऐकला आणि तुझीच आठवण झाली, म्हणून लिहायला बसले. कागद मागच्या वर्षाच्या दिनदर्शिकेचा आहे, मागची बाजू कोरी होती. आपण घरात गुजरी बोलायचो, पण ती मला लिहिता येत नाही. शाळेने जी मराठी लिहायला शिकवली तिच्यातच लिहिते. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा भाषेची अडचण तुला नाही, मलाच आहे. तू गेलीस त्याला किती वर्षं झाली हे मी मोजत नाही. घरातल्या दुधापासून मजुरीपर्यंत सगळं रोज लिहून ठेवणारी बाई मी, पण हा एक आकडा मांडायचा नाही असं कधीच ठरवून टाकलं आहे.

लिहिण्याचं दुसरंही कारण आहे. तू मला एकदा एक प्रश्न विचारला होतास आणि मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं. ते आता मिळालं, तुझ्या नातीकडून. तू तिला पाहिलं नाहीस. चालते मात्र तुझ्यासारखी, तापीच्या तापलेल्या वाळूवर पाय पडावा तशी घाईघाईने.

तो दिवस मला नीट दिसतो. मी नववीत आहे. तू चुलीपुढे पाटावर बसून गिलकी चिरते आहेस आणि मी उंबऱ्यात बसून शास्त्राचं पुस्तक मोठ्याने वाचते आहे. मोठ्याने अशासाठी, की तुझा तसा हुकूम होता. मी नुसत्या डोळ्यांनी वाचायला लागले की तू म्हणायचीस, डोळ्यांनी वाचलेलं मला काय कळणार, तोंडाने वाच. धडा फुलांचा होता. फुलात गोड रस असतो, त्यासाठी मधमाशी येते, तिच्या अंगाला पराग लागतो, मग फळ धरतं. तू ऐकत होतीस. टोपलीत गिलक्यांबरोबर वेलाचा एक शेंडा तुटून आला होता, त्याला बंद कळ्यांचा घोस होता आणि त्या घोसावर एक काळा मुंगळा. तू तो शेंडा उचलून माझ्यापुढे धरलास आणि म्हणालीस, "फुलात गोड असतं, हे पटलं. पण ही अजून कळी आहे, उमललीसुद्धा नाही. मग हा बाहेरून काय चाटतोय?" मी पानं उलटली. धडा पुढून वाचला, मागून वाचला. पुस्तकात नाही, म्हणाले. तुला त्यात काही वाईट वाटलं नाही. तू मुंगळ्यासकट तो शेंडा खिडकीबाहेर ठेवलास, तेलात मोहरी टाकलीस आणि सहज म्हणालीस, "मग पुढच्या पुस्तकात असेल."

दहावीच्या पुस्तकातही ते नव्हतं. त्याच्या पुढचं पुस्तक माझ्या हाती आलंच नाही. आपल्या गावात तेव्हा मुलीला सातवीतून काढायचे. तू आबांशी भांडून, दोन दिवस अन्न न शिवता, मला मॅट्रिकपर्यंत बसवलंस. निकाल लागला तेव्हा तू सगळ्या आळीत गूळ वाटलास, आणि पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुझ्या हातात होतं तेवढं तू केलंस. पण "पुढच्या पुस्तकात असेल" हे वाक्य माझ्या मनात तसंच राहून गेलं, अर्धवट भरलेल्या माठासारखं.

मुंगळे तर तुझ्या घरात पाहुण्यांसारखे होते. गोठ्याच्या भिंतीवर चढवलेला तो गिलक्याचा वेल, त्याच्यावर दिवसभर त्यांची ये-जा. मी गिलकी तोडायला गेले की हाताला कडकडून चावायचे. एकदा चिडून मी चुलीतली राख सुपात घेतली आणि सगळ्या वेलावर उधळली. तू नदीवरून धुणं घेऊन आलीस, पांढरा झालेला वेल पाहिलास आणि धुण्याची बादली खाली ठेवलीस. मारशील असं वाटलं होतं, मारलं नाहीस. माझं मनगट धरून वेलापाशी नेलंस. "तुझ्या ताटातलं खाताहेत का ते?" म्हणालीस. "गिलक्याला एक तरी भोक पाडलंय का? जेवायला बसलेल्यांना उठवलंस तू." मग बादलीभर पाणी आणायला लावलंस आणि हात पोचेल तिथपर्यंतचं एकेक पान धुऊन घेतलंस. तू बाजूला उभी राहून उंचावरची धूत होतीस. त्या दिवशी मला तुझा राग आला होता. आज ते आठवलं की हसू येतं, कारण आपल्या गावात कुणाच्या आईने पानं धुवायची शिक्षा दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि तुझं ते किडियारू. इकडे सासरी कुणाला हा शब्द ठाऊक नव्हता, मला समजावून सांगावा लागला, की आमच्या माहेरी मुंग्यांच्या बिळांशी पीठगूळ घालतात, ते पुण्याचं काम. दर अमावास्येला तू बाजरीचं पीठ तुपावर भाजायचीस, त्यात बारीक किसलेला गूळ घालायचीस. सगळं घर त्या वासाने भरायचं. पण ते मुंग्यांच्या नावाचं, म्हणून कुणी बोट लावायचं नाही, देवाच्या नैवेद्यासारखंच. मग पितळी वाटी पदराखाली झाकून तू निघायचीस, मी मागे. कपाशीच्या शेतातून पार पलीकडच्या बांधावर, बोरीच्या झाडाखाली. वाटेत बोलायचं नाही. बिळाच्या तोंडाशी चिमूटचिमूट सोडायचीस आणि हात जोडायचीस. मी एकदा विचारलं होतं, की गोठ्याच्या भिंतीपाशी एवढे मुंगळे आहेत, मग एवढ्या उन्हात इतक्या लांब कशाला यायचं? तू म्हणालीस, "ते जेवताहेत ना तिथे? मग आपण मध्येच काय वाढायचं. ज्यांना कुणी वाढत नाही त्यांच्याकडे जाऊ." मला ते पटलं असं नाही, पण तुझ्यापुढे कुणाचं चालायचं.

लग्नात तू मला भांडी दिलीस, गादी दिलीस, आणि ट्रंकेत अगदी तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून, एक वाळकं गिलकं. सासूबाईंनी सगळ्या बायकांसमोर ट्रंक उघडली आणि ते वर काढलं. "व्याहीणबाईंनी भांडी दिली, वर घासणीपण दिली," म्हणाल्या. बायका खूप हसल्या. मी लाजले, पण बोलले, की घासणी नाही, बियाणं आहे. पावसाळ्यात वेल चढला, पहिली गिलकी उतरली, मी मुगाची डाळ घालून तुझ्यासारखी भाजी केली. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि वाळक्या गिलक्याबद्दल पुन्हा शब्द काढला नाही. तेव्हापासून दर वर्षी मी एक गिलकं लाल चिंधी बांधून राखते, म्हणजे कुणी तोडत नाही. वाळलं की स्वयंपाकघराच्या वाशाला टांगते. भाजीवाल्याकडून मी आजपर्यंत गिलकं विकत घेतलेलं नाही, हे मी जरा ऐटीतच सांगते सगळ्यांना.

यंदा ते सगळं संपायच्या बेतात आलं होतं. वैशाखात, आखाजीच्या सणानंतर, आम्ही जुनं पत्र्याचं स्वयंपाकघर पाडून स्लॅब टाकला. वाशाला टांगलेलं गिलकं मी काढून ठेवणार होते, पण त्या दिवशी एका मयतीला जावं लागलं. परत आले तर गवंडी त्याच गिलक्याने हातापायाचं सिमेंट घासत होता. त्या बिचाऱ्याला काय माहीत. बी कुठे गेलं विचारलं तर म्हणाला, झटकलं तिकडे. तिकडे म्हणजे वाळू, खडी आणि फुटक्या विटांचा ढीग. उन्हात बसून मी तो ढीग चाळणीने चाळला. हे म्हणाले, बियाण्याच्या दुकानात पुडी मिळते की. मी चाळत राहिले. जे मूठभर बी सापडलं ते पेरलं. काही उगवलंच नाही, काही कोंबडीने उकरलं. राहिला तो एकच वेल. तो मेला असता तर तुझ्या हातचं या घरात काही उरलं नसतं. भांडी केव्हाच मोडीत गेली आहेत.

म्हणून मी नवस केल्यासारखं ठरवलं, की श्रावणभर रोज किडियारू घालायचं. आमच्या शेताचा पलीकडचा बांध आता लांब पडतो, मध्ये केळीची बाग झाली आहे, पाण्याने नेहमी चिखल असतो आणि माझे गुडघे तुझ्या गुडघ्यांवर गेले आहेत. मनात आलं, पुण्य ते पुण्य, वेलाच्या बुंध्याशीच घालावं, तिथे मुंगळे आहेतच. वेलालाही आशीर्वाद मिळेल. मग रोज सकाळी देव्हाऱ्यातली पूजा झाली की वाटीभर पीठगूळ तिथे सोडायचे. मुंगळे नुसते गोळा झाले. शेजारच्या आक्का, ज्या अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाहीत, कुंपणावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "काय वं, मुंगळासले रोज जेवण घाली ऱ्हायनी, मन्हा नातूले बी बलाव ना." मी हसायचे. मला बरं वाटत होतं. तू असतीस तर खूष झाली असतीस, असं वाटत होतं.

पण वेल खूष नव्हता. पानांना भोकं पडायला लागली. लाल भुंगेरे येऊन बसायचे, कोवळे शेंडे कुरतडायचे. पहिलं गिलकं बोटाएवढं झालं आणि त्यात अळी निघाली. दुसऱ्याचं तेच. मी पीठ वाढवलं. गूळही वाढवला. हे रोज येता-जाता वेलाकडे बघत होते. शेवटी एका सकाळी फवारणीचा पंप धुऊन भरायला बसले. मी म्हटलं, मुंगळे मरतील. हे म्हणाले, "मुंगळे वाचव नाहीतर वेल वाचव. दोन्ही होणार नाही." रागावून नाही बोलले. माझं किती अडकलंय त्या वेलात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कपाशीची कामं सोडून पंप घेऊन आले होते. मी देवापुढे जाऊन बसले. रोज ज्यांना बोलावून वाढते त्यांच्यावर विष टाकायचं, की तुझं बी जाऊ द्यायचं, हे मला सुटत नव्हतं. बाहेर येऊन एवढंच म्हटलं, की आज पोरगी राखीच्या सुट्टीला येते आहे, तिला एकदा बघू द्या. मग तुम्ही म्हणाल तसं.

ती शेतकी कॉलेजात शिकते, माय. नंदुरबारला गाडीतून उतरून, मिरचीच्या गिरण्यांपासून शिंकत शिंकत, रिक्षाने आली. बॅग ओट्यावर टाकली, पाणीसुद्धा न घेता वेलापाशी गेली. मी म्हटलं आता औषधाचं नाव सांगेल. तिने पान उलटं केलं. मग कळ्यांचा घोस हातात घेतला. कॉलेजचं एक छोटं भिंग तिच्या गळ्यात दोरीला असतं, मंगळसूत्रासारखं, ते डोळ्याला लावलं आणि मला म्हणाली, "मम्मी, इकडे ये. बघ." मी बघितलं. कळीच्या बुडाशी जी हिरवी इवली पानं असतात, त्यांच्यावर ठिपके, आणि एकेका ठिपक्यावर पाण्यासारखा थेंब. उजेडात चमकत होता. दव आहे, मी म्हणाले. दुपारचे बारा वाजलेत, मम्मी, ती म्हणाली, दव कुठलं. हे गोड आहे. फुलातलं वेगळं, ते मधमाशीसाठी. हे फुलाच्या बाहेरचं, कळीवर, पानामागे. हे मुंगळ्यांसाठीच.

मी तिथेच विटेवर बसले. तिला वाटलं मला भोवळ आली. मी तिला तुझ्या प्रश्नाबद्दल सांगितलं, चूल, गिलकी, नववीचं पुस्तक, सगळं. ती ऐकत राहिली. मग ओट्यावरच्या बॅगेतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आली, पान शोधलं आणि माझ्यासाठी एकेक ओळ मराठीत करून वाचली. झाड मुंग्यांना गोड देतं. मुंग्या त्या गोडासाठी दिवसभर झाडावर हिंडतात, आणि हिंडता हिंडता जी अळी, जो भुंगेरा समोर येतो त्याला हाकलतात, चावतात, अंडी असली तर उचलून नेतात. कपाशीलाही पानामागे मधल्या शिरेवर असा ठिपका असतो. आणि अळीने पान कुरतडलं, की कपाशी जास्त गोड सोडते, म्हणजे हाक मारल्यासारखंच. ती मोठ्याने वाचत होती आणि मी विटेवरून उठून परसाच्या दाराच्या उंबऱ्यात येऊन बसले होते. माय, हेच ते पुढचं पुस्तक. तू म्हणाली होतीस तसं त्यात होतं. फक्त ते माझ्या नावावर आलं नाही, माझ्या पोरीच्या नावावर आलं, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी पदराने उगाच भिंग पुसत बसले.

मग ती म्हणाली, "पण मम्मी, मुंगळे आहेत कुठे?" मी वर बघितलं. वेलावर एखाददुसरा. पानं मोकळी, थेंब तसेच लटकलेले, आणि भुंगेरे आरामात बसलेले. खाली बुंध्याशी मात्र पीठगुळावर काळी रास. सकाळी ते मीच वाढलं होतं. आम्ही दोघींनी एकाच वेळी खाली बघितलं. ती काही बोलायच्या आधीच मला कळलं. ती हसायला लागली, "मम्मी, तू राखणदारांना भरपगारी सुट्टी दिलीस." हे पंप पाठीला लावून दाराशी उभे होते. तेही हसले, पण मी नाही हसले लगेच. मला तुझं ते बोलणं ऐकू आलं, ते जेवताहेत ना तिथे, मग आपण मध्येच काय वाढायचं.

मी मुंगळे हळूच झटकून ते सगळं पीठगूळ सुपलीत भरून घेतलं. पोरीने एका हाताने सुपली धरली, दुसऱ्याने माझा दंड. केळीच्या चिखलातून, गुडघे चोळत, पलीकडच्या बांधावर गेलो. बोर नाही तिथे, एक जुनी बाभूळ आहे. तिच्याखालच्या बिळांपाशी चिमूटचिमूट सोडलं. वाटेत बोलायचं नसतं हे मी तिला सांगितलं होतं, आणि आजवर एक मिनिट गप्प न बसलेली पोरगी येईपर्यंत गप्प होती. यांनी पंप रिकामा करून खुंटीला अडकवला. म्हणाले, चार दिवस बघतो. माझ्या पोरीने खोटी आशा दाखवली नाही, हेही मला आवडलं. मुंगळे सगळंच हाकलत नाहीत, आधी आत शिरलेली अळी त्यांना दिसणार नाही, ती आपल्याला हाताने काढावी लागेल, असं तिने स्पष्ट सांगितलं. मग आम्ही दोघी रोज सकाळी पानं उलटून अळ्या वेचायचो.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही मुंगळे बुंध्याशीच घोटाळत होते, कालच्या घरी जेवायला आलेले पाहुणे दार बंद बघून थांबतात तसे. मला भीती वाटली की ते आता निघूनच जातील. तिसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालताना बघितलं तर एक मुंगळा वेलाच्या पहिल्या गाठीपर्यंत चढला होता. मिशा हलवत थांबला, वर गेला. कळ्यांपाशी पोचला आणि तोंड लावलं. तो खाली उतरल्यावर त्याने काय सांगितलं कोण जाणे, दुपारपर्यंत रांग लागली. संध्याकाळी तर एक लाल भुंगेरा येऊन पानावर टेकला न टेकला तोच एका मुंगळ्याने त्याचा पाय धरला. दुसरा धावून आला. भुंगेरा धडपडला आणि उडून गेला, कुंपणापाशी उभ्या असलेल्या आक्कांच्या पदरावरच बसला. आक्कांनी पदर झटकला आणि म्हणाल्या, "आते जगी जाई तुन्हा वेल." हे ओट्यावरून बघत होते. रात्री जेवताना पोरीला म्हणाले, उद्या मला कपाशीचं ते पानामागचं दाखव. आयुष्यभर कपाशी लावणारा माणूस सकाळी पोरीपुढे पान उलटं धरून उभा होता, आणि तिने भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं तेव्हा श्वास रोखून बघत होता.

पोरीने मला जाताना विचारलं, "आजीला हे माहीत होतं का?" मी नाही म्हटलं. माय, मी तुझ्या नावावर नसलेलं तुझ्या खाती मांडणार नाही, ती माझी सवय नाही. तुला ठिपके ठाऊक नव्हते, थेंब ठाऊक नव्हते. तुला फक्त रीत ठाऊक होती. जेवणाऱ्याला उठवू नये, त्याच्यापुढे दुसरं वाढून त्याचं ताट मोडू नये, आणि जिथे कुणी वाढत नाही तिथे चालत जावं. तू हे माणसांशी करत होतीस, तेच मुंग्यांशी केलंस. पोरगी म्हणाली, झाड काही धर्म म्हणून देत नाही, ते कामाच्या मोबदल्यात देतं, सरळ देवघेव आहे. मी त्यावर पुष्कळ विचार केला. वेल देतो आणि घेतो, त्याचा जमाखर्च चोख आहे, त्यात काही कमीपणा नाही. तू देत होतीस आणि परत काही येणार नाही अशाच जागी देत होतीस. हे दोन्ही आपापल्या जागी नीट होतं. घोटाळा माझ्या किडियारूत होता. हात धर्माचा होता आणि मनात वेल मागत होते. म्हणून तर लांबचा बांध सोडून बुंध्याशी वाढलं. आता दर अमावास्येला बांधावर जाते. पोरगी इथे असली की ती धरते, नसली की हे येतात, आणि चिखलाबद्दल वाटभर कुरकुरतात. गप्प चालायचा नियम त्यांना पाळता येत नाही.

भाद्रपदात वेल भरून आला. भाज्या झाल्या, भजी झाली, आक्कांकडे गेली, सासूबाईंच्या श्राद्धाला भाजी झाली. एका गिलक्याला मी लाल चिंधी बांधली, वेलावर सगळ्यात उंच होतं त्याला. तेच काल उतरवलं. बी काढून परातीत पसरलं आहे, काळं कुळकुळीत. त्यातलं अर्धं एका स्वच्छ तुकड्यात बांधलं आहे. ट्रंकेसाठी नाही, ती हल्ली कुणी देतही नाही. पोरीने कॉलेजात सांगितलंय की तिला पुढे आणखी शिकायचंय, मुंग्या आणि पिकं यांच्यावरच. हे एवढंच म्हणाले, शिकू दे. मला उपास धरावा लागला नाही, माय. बी ती तिकडे होस्टेलच्या मागच्या अंगणात लावणार आहे. उरलेलं अर्धं इथे, आता वासा नाही म्हणून स्लॅबच्या कडीला टांगायचं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे लिहायला बसले तेव्हाच माहीत होतं. घडी करून बियाण्याच्या डब्याखाली टेकण म्हणून ठेवते, कागद वाया जायला नको. त्याआधी एक सांगून टाकते, पोरीलाही सांगितलेलं नाही. मुंगळ्यांची रांग परत लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, कुणी बघत नसताना, मी एका कळीच्या बुडाचा थेंब बोटावर घेतला आणि चाखला. दुसऱ्याच्या नावाचं वाढलेलं आहे, चाखू नये, हे तूच शिकवलेलं असून चाखला. गोड आहे, पण फार नाही, तुझ्या किडियारूच्या जवळपासही नाही. एवढ्याशा गोडासाठी कुणी दिवसभर राखण करील असं वाटत नाही. करतात मात्र.